किल्ली खिशात असूनही

दत्ता, सापडलं राव! त्या गोष्टीतल्या कारकुनानं बेल का वाजवली, ते सापडलं! आधी पूर्ण ऐकून घे, मग भांड. तुझी खोड मला माहीत आहे. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तुझं ‘असं कुठं असतंय का लेका’ सुरू होतं. आज तरी माझं बोलणं पुरं होऊ दे. तसंही आज तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, आणि खरं सांगू का, तेच मला सहन होत नाहीये. एवढी मोठी गोष्ट हाताला लागली आणि तिच्यावरून ज्याच्याशी भांडायचं, तो माणूसच निघून गेला. ही काय पद्धत झाली? असा वाद अर्धवट टाकून कोणी जातं का?

कंपनीच्या नोटीस बोर्डावर तुझा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, ‘शांत व मनमिळाऊ स्वभावाचे.’ मी आणि स्टोअरचे राणे बोर्डासमोर उभं राहून हसलो रे. हसता हसता राण्यांचे डोळे भरले, मग माझे. शांत म्हणे! ज्या माणसानं चार पानांच्या एका गोष्टीवरून पावसाळाभर अख्खी बस डोक्यावर घेतली, तो शांत? मेंटेनन्सची माणसं तुला वर्कशॉपमध्ये ‘भोंगा’ म्हणायची, ते एचआरला कोणी सांगितलं नाही वाटतं. मी पेन काढून तो शब्द खोडणार होतो, पण राण्यांनी हात धरला. त्यामुळे बोर्डावर तू अजून शांतच आहेस.

तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, कंपनीत कधी लागलास, ते सगळं त्या कागदावर आहे. मला त्यात रस नाही. मला बस आठवते. सकाळच्या शिफ्टची आपली बस. पिंपळे सौदागरच्या चौकात आपण दोघं चढायचो, नाशिक फाट्याला राणे चढायचे, भोसरीला बस भरायची आणि मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये सगळे मिळून अडकायचो. तू वाचायला लागलास त्याआधी या बसमध्ये एकच कार्यक्रम असायचा, तोंड उघडं टाकून झोपणे. मीही त्यातलाच. अंगठ्यानं मोबाइल वर सरकवत राहायचं, डोळे मिटायचे, उघडले की चाकण.

मग एका सकाळी बस जागची हलेना. तू उठलास, एका हातानं वरचा दांडा धरलास, दुसऱ्या हातात कुठल्यातरी जमान्यातला दिवाळी अंक. म्हणालास, ‘झोपायचं त्यानं झोपा, मी वाचायलोय.’ आणि सुरू! विचारणं नाही, काही नाही. पहिला ओरडा मीच केला होता, ‘ए भोंग्या, बस खाली!’ तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. दोन पानं झाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मोबाइल खिशात ठेवलाय.

ते जुने अंक तू चिंचवडच्या रद्दीवाल्याकडून उचलून आणायचास. आणि लेखकाच्या नावावर न चुकता काळी इन्सुलेशन टेप मारायचास. मी कितीदा नखानं ती खरवडायचा प्रयत्न केला! तू म्हणायचास, ‘नाव कळलं की तुम्ही नावाला नमस्कार करता. गोष्ट राहती बाजूला.’ एकेक वेळा असला राग यायचा तुझा. आता वाटतं, लेका, त्या टेपमुळेच मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीबद्दल स्वतःचं मत सांगितलं. नाव माहीत असतं तर मी गप्प बसलो असतो.

‘एक स्टॉप पुढे’ ही गोष्ट तू अशीच एका सकाळी वाचलीस. माझ्या अजून कानात आहे. पाणीपुरवठा खात्यातला एक कारकून आपली गोष्ट आपणच सांगतोय. हा बाबा रोज संध्याकाळी घराच्या स्टॉपवर उतरतच नाही. एक स्टॉप पुढे जातो आणि चालत मागे येतो. का? तर म्हणतो, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. अर्ध्या पानानंतर म्हणतो, पुढच्या स्टॉपवर कोथिंबीर ताजी मिळते. मग म्हणतो, आमच्या स्टॉपवर एक कुत्रं आहे, ते माझ्यावर खार खाऊन असतं. सगळं हसत हसत, कोट्या करत. बायकोचा उल्लेख येतो, ‘आमच्या हिला कोथिंबीर लागतेच’ एवढाच. चालत चालत घरापाशी येतो, जिना चढतो, खिशात किल्ली चाचपून बघतो. किल्ली आहे. आणि तो बेल वाजवतो. संपली गोष्ट! दार उघडलं का, कोणी उघडलं, काही नाही.

‘पुढं?’ ड्रायव्हर तात्या स्टिअरिंगवरूनच ओरडले.

‘पुढं काही नाही, तात्या. एवढीच आहे.’

‘आरं पन बाई घरात हाय का न्हाई?’

बस! तिथून जी पेटली! राण्यांना प्रत्येक गोष्टीत भूत लागतं, ते लगेच म्हणाले, ‘ती बाय जिवंत नाय. आतमध्ये दुसराच कोणतरी असा.’ एक म्हणाला तिनं त्याला घराबाहेर काढलंय, दुसरा म्हणाला तो घर चुकलाय. आणि मग आपण सगळ्यांनी मिळून जी चूक केली, ती फक्त चाकणची माणसंच करू शकतात. आपण त्या कारकुनाचं व्हाय-व्हाय केलं!

कंपनीत कस्टमरची कम्प्लेंट आली की आपण हेच तर करतो. पार्टवर ओरखडा का आला? ट्रेला घासला. ट्रेला का घासला? ट्रे वाकडा होता. का वाकडा होता? असं ‘का, का’ करत खाली उतरायचं, तळाला मूळ कारण सापडतं, त्यावर उपाय लिहायचा, सही ठोकायची, विषय बंद. माझी तर नोकरीच ती. म्हणून तर तू मला इन्स्पेक्टर म्हणायचास. तर इन्स्पेक्टर उभे राहिले. बेल का वाजवली? किल्ली लावायची नव्हती. का नव्हती? घरात एकट्यानं शिरायचं नव्हतं. एकट्यानं का? घरात कोणी नाही. का नाही? बायको सोडून गेली. का गेली? इथं मागच्या सीटवरून पेंट शॉपचा कुणीतरी ओरडला, ‘ऑपरेटर एरर!’

बस हसून हसून लोळली. उपायही निघाला, पुढच्या वेळी किल्ली हातात धरूनच जिना चढणे. मी तर जाम खूश. एवढी अवघड मानसिक का काय म्हणतात तसली गोष्ट, आणि आपण मोशी ते चाकणमध्ये सोडवून टाकली!

तू एकटा हसला नाहीस. अंक मिटलास आणि म्हणालास, ‘माणूस आहे का लोखंडी ब्रॅकेट आहे रे तो? कारण सापडलं की झालं का? रिजेक्ट करून मोकळे व्हायलात!’ तुझा चेहरा असा झाला होता, जसं काही आम्ही तुझ्या सख्ख्या भावाला हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तू तयारीनिशी आलास. तुझ्या कावेरीच्या कॉलेजात मराठीला प्रश्न असतो, ‘कथेचा आशय, निवेदन आणि वातावरण स्पष्ट करा.’ लेकीला तो अभ्यास कंटाळवाणा वाटायचा, आणि बापानं ते तीन शब्द असे उचलले, जसं काही नवीन पाना-पक्कड मिळालीय. ‘आता या तिन्हींनी उघडून बघू,’ म्हणालास.

निवेदनावर मी तुला धरला होता की नाही, सांग! मी म्हटलं, हा ‘मी’ म्हणून सांगणारा माणूस खोटारडा आहे. तीनदा कारण बदलतो. आमच्याकडं एखाद्या सप्लायरनं तीनदा कारण बदललं की आम्ही काय समजायचं ते समजतो. अख्ख्या बसनं मान हलवली. तू म्हणालास, ‘तो तुला कुठं सांगायलाय? तो स्वतःला सांगून बघायलाय. हे पटतंय का, नाही, मग हे पटतंय का. तू स्वतःशी बोलताना काय सही-शिक्क्यानिशी बोलतोस का?’ मी आवाज वाढवला. तू माझ्यापेक्षा वाढवलास. तात्यांनी हॉर्न दाबून दोघांना गप्प केलं.

आणि तूही काही कमी फेकलं नाहीस हं! त्या कारकुनाला शुगर आहे, म्हणून डॉक्टरनं चालायला सांगितलं आणि शुगरमुळंच तो चिडचिडा झालाय, हे तू आठवडाभर लावून धरलं होतंस. गोष्टीत कुठंही तो चिडत नाही! राणे म्हणाले, ‘अरे, शुगर तुका असा, तेका नाय,’ तेव्हा कुठं सोडलास तो मुद्दा.

पण वातावरणावर तू जे बोललास ना दत्ता, ते मी कधी तुझ्या तोंडावर कबूल केलं नाही. आज करतो, कारण आज तुझी कॉलर ताठ झालेली मला बघावी लागणार नाही. तू त्याचं चालणं परत वाचलंस, सावकाश. आणि म्हणालास, ‘तोंडानं विनोद करायलाय, पण डोळे कुठं आहेत ते बघा की. कुणाच्या स्वयंपाकघराची खिडकी, कुणाची फोडणी, कुणाच्या कुकरची शिट्टी, कुणीतरी आतून कुणालातरी हाक मारतंय. सगळं दुसऱ्याच्या घरातलं. आणि आख्ख्या रस्त्यात त्याच्याशी एक माणूस बोलत नाही.’ मी ती पानं ऐकताना कोट्यांवर हसलो होतो. तीच वाक्यं, एका शब्दाचा फरक नाही, आणि आता ऐकताना एकदाही हसलो नाही.

त्या संध्याकाळी मी चौकातून रिक्षा केली नाही. चालत गेलो. आपल्याच सोसायट्यांच्या मधून, ज्या रस्त्यानं वर्षानुवर्षं डोकं खाली घालून गेलो, तिथं मान वर करून बघत गेलो. कुठं भाकरी थापल्याचा आवाज, कुठं टीव्ही, कुठं ‘अभ्यासाला बस’ म्हणून आरडाओरडा. आणि मला असलं भारी वाटायला लागलं! घरी गेलो तर बायको म्हणाली, ‘आज एवढे खुशीत? इन्क्रिमेंट झालं का?’ तिला काय सांगणार, म्हटलं, एक गोष्ट ऐकली. ती माझ्याकडं बघतच राहिली. दत्ता, ही तुझी देणगी. माझ्या वयाच्या माणसाला तू नवीन डोळे दिलेस, आणि वर रोज सकाळी शिव्याही दिल्यास.

मग उरला आशय. तिथं आपलं जे जुंपलं ते सुटलंच नाही. मी म्हणत होतो, एकटेपणा. घर रिकामं आहे, बायको नाही, हा माणूस स्वतःला फसवत रोज बेल वाजवतो. तू म्हणत होतास, ‘ती घरात आहे.’ कशावरून? तर म्हणे, ‘मला वाटतंय.’ हे काय उत्तर झालं? वर मलाच टोमणा, ‘तुझ्या घरी माणसं वाट बघत बसतेत, म्हणून तुला रिकामं घर लय भारी वाटतंय.’ ज्या दिवशी हे भांडण शिगेला पोचलं, त्या दिवशी तात्या मागं वळून वळून ऐकत होते, आणि बस सरळ कंपनीच्या गेटच्या पुढं निघून गेली! पुढच्या चौकातून वळवून आणावी लागली. सगळ्यांना उशिराचा शिक्का. सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, काय झालं? राणे म्हणाले, ‘एक स्टॉप पुढे उतरूक गेल्लो.’ आपण गेटवर पोट धरून हसलो होतो. आणि तिथंच, गेटवर, पैज लागली. जो हरेल त्यानं बसमध्ये उभं राहायचं, दांडा धरायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, ‘हरलो.’

तुझ्या घरी चहाला आलो की हाच विषय. तुझी ती बेल! आजकाल कोणाच्या दारावर चिमणीच्या आवाजाची बेल असते का? मी बोट ठेवतोय न ठेवतोय तोच आतून तुझं सुरू व्हायचं, ‘आलो की! दार मोडतोस का?’ मी एकदाच दाबायचो रे. सुलभावहिनींनी एकदा त्या बेलची कथा सांगितली होती. तू लातूरकडून आलास तेव्हा भोसरीत कॉट बेसिसवर राहायचास, एका खोलीत तीन शिफ्टची माणसं, प्रत्येकाकडं एकेक किल्ली, दार कोणी कोणाला उघडायचा प्रश्नच नाही. लग्न झालं, खोली घेतलीस, तेव्हा घरात धड पातेली नव्हती आणि तू आधी जाऊन बेल घेऊन आलास. वहिनी म्हणाल्या, ‘मी म्हणलं, अहो, एका खोलीला बेल कशाला? हाक मारली तरी ऐकू येतंय की.’ तीच बेल तू भोसरीतून उचलून पिंपळे सौदागरच्या फ्लॅटला आणलीस. मी यावर हसलो. तूही हसलास. मग तू म्हणालास, ‘चहा घे, गार व्हायलाय.’ मी तेव्हा चहा घेतला आणि विषय दुसरीकडं नेला.

शनिवारी संध्याकाळी आपण चौकात उतरलो. तू एकदम रंगात होतास. म्हणालास, ‘इन्स्पेक्टर, मला सापडलंय. तुम्ही सगळे दाराच्या बाहेर उभं राहून वाचायलात. बाहेरून काय कळणार?’ मी म्हटलं, मग काय दार फोडू? नीट सांग. तू म्हणालास, ‘सोमवारी सांगतो. बसमध्ये, सगळ्यांसमोर. तुला दांडा धरायलाच लावतो बघ.’ मी म्हटलं, आत्ताच सांग. तू हात हलवलास आणि डेअरीकडं वळलास. रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

हे काय वागणं आहे दत्ता? मी दुःखात आहे हे तर आहेच, पण मी चिडलोय तुझ्यावर! काय सांगणार होतास? काय सापडलं होतं तुला? बस सुरू आहे, तुझ्या खिडकीपाशी कोणी बसत नाही, कोणी वाचत नाही. एक दिवस मोशीच्या पुढे अडकलो तेव्हा तात्या आरशातून मागं बघत म्हणाले, ‘बाई घरात हाय का न्हाई, ते ऱ्हायलंच की वो.’ राण्यांनी खिडकीकडं तोंड केलं. मला एकच गोष्ट हवी होती, तुझं ते सोमवारचं उत्तर. हरलो तरी चालेल, पण कळू दे. मी वहिनींकडून तुझा तो अंक मागून आणला, ती गोष्ट घरी बसून परत परत वाचली, आशय-निवेदन-वातावरण तिन्ही लावून बघितली, गुपचूप व्हाय-व्हायसुद्धा करून बघितलं. काही नाही. आतून वाचायचं म्हणजे काय करायचं, हेच कळेना.

वहिनी आणि कावेरी पुढच्या विधींसाठी गावाकडं गेल्या. जाताना वहिनींनी मला किल्ली दिली. ‘भाऊजी, गॅलरीतल्या झाडांना पाणी तेवढं घाला.’ मी दोन-तीन दिवस टाळलं. मग झाडं वाळतील म्हणून गेलो. आता ऐक, इथं आलं ते!

जिना चढलो. तुझ्या दारासमोर उभा राहिलो. किल्ली माझ्या खिशात, मी चाचपून बघितली. आत कोणी नाही हे मला ठाऊक. तू नाहीस हे तर माझ्याएवढं कोणाला ठाऊक, खांदा दिलाय मी. आणि दत्ता, माझं बोट गेलं! मी बेल वाजवली! चिमणी ओरडली आत. आणि मी थांबलो. तू सोफ्यावरून उठून, चप्पल शोधून, ‘आलो की’ म्हणेपर्यंत जेवढा वेळ लागायचा, तेवढा थांबलो. मला कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, इन्स्पेक्टरचं डोकं फिरलं.

डोकं फिरलं नव्हतं रे! मी कोणाला फसवत नव्हतो, स्वतःलाही नाही. मी तिथं उभ्या उभ्या मोठ्यानं हसलो, आणि रडायलाही लागलो, दोन्ही एकदम. आयला, माझं व्हाय-व्हाय गेलं केराच्या टोपलीत! का वाजवली? का म्हणजे काय? किल्ली लावली असती तर तो नुसता एक फ्लॅट झाला असता, झाडांना पाणी घालायचा. बेल वाजवली तोवर ते तुझं घर होतं. तो कारकून खोटं बोलत नव्हता, तू बरोबर होतास. पण ‘ती घरात आहे’ हेही काही त्यावरून सिद्ध होत नाही, म्हणून मीही बरोबर होतो. म्हटलं, चला, बरोबरी! पैज रद्द! मग किल्ली लावून आत गेलो, झाडांना पाणी घातलं. तुझा चष्मा टीव्हीवर होता, तो मी हलवला नाही.

एवढं सापडल्यावर मी इतका फुललो होतो, की सांगायला तोंड शिवशिवत होतं. कोणाला सांगणार? बायकोला सांगितलं, ती म्हणाली, ‘बरोबर आहे,’ आणि भाजी निवडत राहिली. भांडली नाही! दत्ता, भांडल्याशिवाय काय मजा आहे?

पण थांब. हे अर्धंच होतं. तुझं सोमवारचं उत्तर हे नव्हतं. ते मला आज मिळालं, आत्ता, संध्याकाळी.

आज वहिनी परत यायच्या होत्या. दुपारी फोन आला, ‘नाशिक फाट्याला उतरून रिक्षानं येतो. माझ्याकडं किल्ली आहे भाऊजी, तुम्ही थांबू नका.’ मी म्हटलं, नाही थांबत, नुसतं दूध ठेवून जातो. गेलो. खिडक्या उघडल्या, घरात कोंदट वास भरला होता. झाडांना पाणी घातलं. दूध तापवून ठेवलं, म्हणजे प्रवासातून आल्या आल्या चहा तरी घेतील. मी निघणारच होतो. पायात एक चप्पल घातलेली होती.

आणि बेल वाजली.

इतके महिने मी त्या कारकुनाबरोबर बाहेर उभा होतो, आणि आज आत होतो. वहिनींकडं किल्ली आहे हे मला माहीत होतं, त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. तरी वाजवली. चिमणी ओरडत होती आणि मला एकदम कळलं, की मी इथून गेलो असतो, पाच मिनिटं आधी निघालो असतो, तर ती बेल वाजून गप्प झाली असती. आणि माझ्या तोंडून, मी ठरवलं नव्हतं रे, देवाशप्पथ नव्हतं ठरवलं, माझ्या तोंडून जोरात निघालं, ‘आलो की!’

एका पायात चप्पल, तसाच धावलो. दार उघडलं. वहिनी उभ्या होत्या. मागं जिन्यात कावेरी पिशव्या घेऊन. वहिनींच्या मुठीत किल्ली होती, मी बघितली, आणि मी बघितली हे त्यांनी बघितलं. मग त्या म्हणाल्या, ‘किल्ली होती हो. पण...’ आणि थांबल्या. डोळे पुसले. ‘आतून आवाज आला. बरं वाटलं, भाऊजी.’

मी म्हटलं, ‘दूध तापवलंय.’ कावेरीनं पिशव्या आत ठेवल्या, वहिनी आत आल्या आणि सवयीनं गॅसजवळ गेल्या. त्यांनीच चहा केला. मी सोफ्यावर बसलो, तुझ्या जागेवर नाही, शेजारी. चहा गार व्हायच्या आत प्यायलो.

घरी येताना चालत आलो. खिडक्यांमधून सगळीकडं उजेड होता, फोडण्यांचे वास होते. तू हेच सांगणार होतास ना? बाहेरच्यानं का वाजवली, त्यावर आम्ही पावसाळाभर घसा फोडला, आणि आतून कुणाचातरी ‘आलो’ ऐकायलाच तो वाजवतो, ते आमच्या डोक्यातही आलं नाही. पातेल्यांच्या आधी बेल आणणारा माणूस तू, तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत असणार, आणि मी चहा पीत विषय बदलत बसलो.

दत्ता, त्या कारकुनाची बायको घरात होती.

हरलो राव. सोमवारी बसमध्ये सांगतो, उभं राहून, दांडा धरून, सगळ्यांसमोर.